एकोणतीसचा पाढा

तात्यांना विजेतलं काही कळत नव्हतं.
भाता कळत होता.
तांबट आळीत पहिला ठोका पडायच्या आधी
भात्याचा श्वास सुरू व्हायचा:
निखारा लाल, निखारा काळा, पुन्हा लाल.

रास्ता पेठेतल्या त्या दवाखान्यात
(आता तिथे दुचाकी लावतात, तासाला दहा रुपये)
विलायतेहून देणगीत आलेली एक पेटी होती.
प्लायवूडची. माणूस आडवा मावेल एवढी.
पेटी म्हटलं की आम्हाला आधी बाजाची पेटी आठवते,
आणि फरक तसा थोडाच; भाता हिलाही होता.
त्याचं कातडं तात्यांनीच बदललं होतं,
बिल सव्वाअकरा रुपये, अजून येणं आहे.

आत यमुना खळदकर, वय नऊ.
बाहेर फक्त डोकं,
गळ्याभोवती रबराची पट्टी,
कपाळावर तिरका आरसा.
आरशात भिंतीवरचं घड्याळ उलटं चालायचं
आणि तिला ते तसंच वाचता यायला लागलं होतं.

पानशेत फुटलं त्या दिवशी
तात्या छातीपर्यंत ओले, डोक्यावर दोन हंडे,
उंचावरची ओळखीची जागा म्हणून तिथे पोचले.
दिवे गेलेले. पंप गप्प.
सिस्टर सुवार्ता साळवे दांडा ओढत होत्या
आणि त्यांचे हात आता थरथरत होते.
तात्यांनी हंडे ठेवले. म्हणाले, सरका.

डॉक्टर दस्तूर म्हणाले, मिनिटाला सोळा, जास्त नको.
तात्यांकडे घड्याळ नव्हतं.
मग पोरगीच म्हणाली, मी पाढे म्हणते.
बे एके बे. ओढा.
बे दुणे चार. ओढा.
बोलायचं तर श्वास बाहेर जातानाच;
हवा आत येईपर्यंत तिला थांबावं लागे,
आणि तात्यांना तिच्यासाठी.

पुढे मी यंत्रांचाच कोर्स केला. तिथे शिकलो
की चारशे वर्षांपूर्वी कुणी एकाने
जनावराच्या श्वासनळीत वेताची नळी घालून फुंकलं,
आणि थांबू पाहणारं काळीज पुन्हा उडू लागलं.
की बुडालेल्यांच्या तोंडात लोक
शेगडीचा भाता खुपसायचे,
जोर जास्त झाला तर फुप्फुस फाटायचं.
की नंतर शंभर वर्षं सगळे बाहेरूनच ओढत राहिले,
पेट्या, पिंपं, लोखंडी नळकांडी,
आणि मग कोपनहेगनला साथ आली, पेट्या पुरेनात,
तेव्हा कॉलेजातली पोरं पाळ्या लावून
आठवडेच्या आठवडे
हाताने रबरी पिशव्या दाबत बसली.
परीक्षेत पाच मार्कांना यायचं हे.
मी तात्यांना वाचून दाखवलं.
त्यांनी एवढंच विचारलं: पोरांना जेवायला कोण द्यायचं?

रात्री केव्हातरी वीस संपले, पंचवीस संपले.
एकोणतीसला ती अडकली.
एकोणतीस साते…
तात्या चौथी शिकलेले. त्यांनाही येईना.
दांडा ओढलेला, वॉर्डात कंदील,
खाली पेठांत पाण्याचा आवाज,
आणि ती विचार करतेय.
चुकलं तरी चालेल, तात्या म्हणाले, पुढं चल.

ती घरी गेली का, हे तात्या कधी नीट सांगत नसत.
उजवा खांदा मात्र मरेपर्यंत धरला होता.

दोन हजार वीसच्या ऑगस्टात
निवृत्तीनंतर मला परत बोलावलं.
एकवीस व्हेंटिलेटर खोक्यांत,
माहितीपत्रक चिनी भाषेत, इंजिनिअर फोनवर.
पीपीईच्या आत चष्म्यावर वाफ.
बारा नंबरच्या गृहस्थांना जोडलं,
दर सोळा ठेवला, पडद्यावर हिरवी रेघ चढली, उतरली,
आणि माझे ओठ मास्कच्या आत हलायला लागले.
शेजारची नर्स म्हणाली, काका, काय म्हणताय?
काही नाही म्हटलं.
दोनशे तीन.